ऑनर्समधला मान कोणाचा?

आपल्या मंदिराच्या गणेशोत्सव स्मरणिकेत दरवर्षी शेवटची काही पानं पदवीधर झालेल्या मुलामुलींच्या फोटोंची असतात. फोटोखाली नाव, विद्यापीठ, विषय आणि हल्ली बऱ्याच नावांपुढे 'ऑनर्स' हा शब्द. तो वाचून आपल्या सगळ्यांनाच आनंद होतो. मी डॉक्टर असल्यामुळे आणि माझी मुलगी या वाटेने गेलेली असल्यामुळे ओळखीतले आईवडील मला दोन प्रश्न हमखास विचारतात. बारावीच्या वसंतात विचारतात, "ऑनर्स कॉलेजात प्रवेश मिळतोय, घ्यावा का?" आणि दोनेक वर्षांनी, जरा हळू आवाजात, "ती ऑनर्स सोडते म्हणतेय, सोडू द्यावं का?"

हे प्रश्न वरवर पाहता कॉलेजचे वाटतात. पण थोडं खोलात गेलं की लक्षात येतं, ते नीतीचे प्रश्न आहेत. मान म्हणजे काय, तो कोणाचा, आणि हाती घेतलेलं काम पुरं करायलाच हवं का, असे ते प्रश्न आहेत.

आपल्यापैकी बरेच जण भारतात शिकून इथे आलो. आमच्या एमबीबीएसला 'ऑनर्स प्रोग्रॅम' असा काही प्रकार नव्हता. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, आणि एखाद्या विषयात चांगले मार्क मिळाले तर 'डिस्टिंक्शन'. त्यामुळे इथला प्रकार आधी समजून घ्यायला हवा. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत आता ऑनर्स कॉलेज किंवा ऑनर्स प्रोग्रॅम असतो. निवडक विद्यार्थी, तीनशेच्या हॉलऐवजी पंधरा-वीस जणांचा वर्ग, शिकवायला थेट प्राध्यापक, विषयांची नोंदणी इतरांच्या आधी, आणि काही ठिकाणी राहायला वेगळं वसतिगृह. त्या बदल्यात ठरावीक जीपीए टिकवायचा आणि शेवटी एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहायचा. गाडी बहुतेक वेळा अडते ती या प्रबंधापाशी.

ही कल्पना मूळची इंग्लंडची. १८०० साली ऑक्सफर्डने नवी परीक्षापद्धती आणली आणि ऑनर्सची कठीण परीक्षा निराळी केली. ती कल्पना अमेरिकेत रुजवण्यात फ्रँक एडलॉट यांचा वाटा मोठा. ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकले होते. १९२१ साली ते फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि १९२२ साली त्यांनी तिथे ऑनर्स सुरू केलं. शेवटची दोन वर्षं छोट्या चर्चावर्गांत शिकायचं, आणि परीक्षा घ्यायला मात्र दुसऱ्या संस्थांतले परीक्षक. लेखी तेच तपासणार, तोंडी तेच घेणार, ऑनर्स द्यायचं की नाही हेही तेच ठरवणार. आजही तिथे हीच पद्धत आहे.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. परीक्षक बाहेरचा असला की शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला येतात. आमच्या एमबीबीएसच्या व्हायव्हाला बाहेरगावचे परीक्षक यायचे, तेव्हा वर्षभर आमच्यावर डाफरणारे सरसुद्धा आमच्या बाजूने डोळ्यांनी इशारे करायचे! गमतीचा भाग सोडा, पण मुद्दा महत्त्वाचा आहे. शिक्षकाला खूश करून मिळालेला मान वेगळा, आणि जो आपल्याला ओळखतही नाही अशा जाणकाराने आपलं काम पाहून दिलेला मान वेगळा.

आता दुसरी बाजू. २००१ साली 'बॉस्टन ग्लोब'ने हार्वर्डबद्दल एक बातमी छापली. त्या वर्षीच्या पदवीधरांपैकी ९१ टक्के विद्यार्थ्यांना ऑनर्स मिळालं होतं. बरीच चर्चा झाली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या प्राध्यापकांनी ही संख्या ६० टक्क्यांवर आणायचा निर्णय घेतला. शंभरातल्या एक्याण्णवांना मान मिळतो, तेव्हा तो मान उरत नाही, हजेरी होते. आणि उरलेल्या नऊ जणांच्या पदरी मात्र विनाकारण अपमान पडतो. म्हणजे 'ऑनर्स' या शब्दात स्वतःची अशी काही किंमत नाही. ती त्यामागच्या कामात असते.

मराठीत 'मान' शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक सन्मान आणि दुसरा गळ्याचा. पदवीदान समारंभात ऑनर्सचं मेडल दुसऱ्या मानेत पडतं, ते सगळ्यांना दिसतं. पहिल्या मानाचं काय झालं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

मान म्हणजे काय हे आपल्याला पुण्याच्या मानाच्या गणपतींकडून चांगलं कळतं. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे पाच मानाचे गणपती. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत कसब्याचा गणपती पहिला, हा त्याचा मान. पण नीट पाहिलं तर हा मान म्हणजे बक्षीस नाही, ती जबाबदारी आहे. मागे शेकडो मंडळं खोळंबलेली असतात. पुढचा हलला नाही तर मागचा हलत नाही. पुढे असणाऱ्याने मागच्यांचं भान ठेवायचं, हा त्या मानाचा अर्धा अर्थ आहे.

ऑनर्सच्या मुलांना हे सांगायला हवं असं मला वाटतं. सरकारी विद्यापीठात पंधरा जणांच्या वर्गाला एक प्राध्यापक दिला जातो, तेव्हा त्याच इमारतीत दुसरीकडे तीनशे जण एका हॉलमध्ये बसलेले असतात. विद्यापीठ एकच, कर भरणारे लोकही तेच. मग हा न्याय आहे का? माझं उत्तर असं की, हा न्याय आपोआप होत नाही, तो करून घ्यावा लागतो. ज्याला जास्त शिकायला मिळालं त्याने त्याचा काही भाग परत केला, खालच्या वर्गातल्या मुलांना शिकवलं, लोकांच्या उपयोगाचा विषय हाती घेतला, तर ती सोय रास्त ठरते. नुसती नोंदणी आधी मिळाली, चांगली खोली मिळाली आणि रेझ्युमेवर एक ओळ वाढली, एवढ्यावरच थांबलं तर ती सवलत आहे, मान नव्हे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. माझ्या मुलीचा तिसऱ्या वर्षात असताना एकदा रात्री फोन आला. "आई, मी ऑनर्स सोडलं तर तुला चालेल का?" मला काळजी वाटली ती 'सोडलं' या शब्दाची नाही, 'तुला चालेल का' या शब्दांची. मी तिला म्हटलं, "मला चालण्याचा प्रश्न बाजूला ठेव. ऑनर्स माझं नाही, तुझं आहे. काम अवघड झालंय म्हणून सोडतेस, की काम तुझं नाहीये म्हणून?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काम माझं नाहीये." प्रबंधासाठी तिने एका प्रयोगशाळेत जागा मिळवली होती, कारण मेडिकलच्या अर्जात ते चांगलं दिसतं असं सगळे म्हणत. तिथे ती दुसऱ्याच्या प्रश्नासाठी नळ्या भरत होती.

तिने ऑनर्स सोडलं नाही, विषय सोडला. मधुमेह असलेले आपल्याकडचे आजी-आजोबा औषधं कितपत नियमित घेतात, हा नवा विषय. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी घेण्यातच दोन महिने गेले. मग पंचवीस-तीस जणांच्या मुलाखती, त्याही अर्ध्या मराठीत. "गोळी संपली की मग बघू", "एकादशीला औषध कशाला?" अशी उत्तरं ती लिहून घ्यायची. तिचा अंदाज होता की मुलांजवळ राहणारे वृद्ध औषधं जास्त नियमित घेत असतील. सगळं मोजून झाल्यावर तसा फरक काही दिसेना. सादरीकरणाला थोडे दिवस उरले होते. बरोबरच्या एकाने सुचवलं की दोन-तीन मुलाखती 'अपूर्ण' म्हणून वगळल्या तर आकडा जमतो. कोणाला कळणारही नाही.

माझ्या मते तिचं ऑनर्स त्या रात्री ठरलं, पदवीदानाच्या दिवशी नाही. मी तिला एवढंच म्हणाले की, आम्ही रोज सकाळी ओपीडीत ज्या गोळ्या लिहून देतो, त्या कोणीतरी असेच कागद खरे ठेवले म्हणून लिहू शकतो. तिने एकही मुलाखत वगळली नाही. 'फरक आढळला नाही' असं सरळ लिहून दिलं. तोंडी परीक्षेत तिला सगळ्यात जास्त प्रश्न त्याच वाक्यावर विचारले गेले, आणि तिला त्या प्रश्नांची उत्तरं देता आली.

याउलट माझा भाचा. तोही ऑनर्सला होता, हुशारीत कुठे कमी नव्हता. शेवटच्या वर्षी त्याचे वडील गंभीर आजारी पडले. घरून विद्यापीठ दीड तासावर. अभ्यास, डायलिसिसच्या फेऱ्या आणि प्रबंध हे तिन्ही जमणार नाही हे त्याने ओळखलं आणि प्रबंध सोडला. साध्या पदवीने पास झाला. त्याचं नाव त्या वर्षी स्मरणिकेत 'ऑनर्स'शिवाय छापून आलं. काही जणांनी त्याच्या आईला विचारलं, "का हो, काय झालं?" त्याने मान मिळवला नाही असं कोण म्हणेल?

मग पुरं करावं की सोडावं, याला नियम काय? माझ्या व्यवसायातलं उदाहरण देते. पूर्वी आम्हाला शिकवायचे की अँटिबायोटिकचा कोर्स काहीही झालं तरी पुरा करायचा. आता तसं सरसकट म्हणत नाहीत. साध्या न्यूमोनियात रुग्ण सुधारत असेल तर पाच दिवस बऱ्याचदा पुरतात, उगाच लांबवून फायदा नाही. पण टीबीचं औषध? ते बरं वाटलं म्हणून दोन महिन्यांनी सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. नेहमीच्या टीबीत सहा महिने म्हणजे सहा महिने. तेव्हा 'पुरं करणं' हे स्वतःहून पुण्य नाही आणि 'सोडणं' हे स्वतःहून पाप नाही. पुरं केल्याने काय साधणार आणि सोडल्याने काय बिघडणार, हे पाहावं लागतं. केवळ कंटाळा आला किंवा भीती वाटली म्हणून मध्येच सोडलेलं काम टीबीच्या अर्धवट कोर्ससारखं असतं, पुढच्या वेळी तीच सवय आणखी चिवट होऊन येते. पण मोठ्या कर्तव्यासाठी डोळे उघडे ठेवून खाली ठेवलेलं काम अर्धवट राहत नाही.

उत्सव गणपतीचा आहे, म्हणून त्याचीच एक कथा आठवते. महाभारत लिहून घ्यायला व्यासांनी गणेशाला बोलावलं. गणेशाने अट घातली की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याशिवाय तू एक अक्षरही लिहू नकोस. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मूळ संहितेत धरलेली नाही, ती नंतरची मानतात. पण ज्याने कोणी ती घातली, त्याला अभ्यास म्हणजे काय ते नेमकं कळलं होतं. आपण पालक मुलांना पहिली अट रोज ऐकवतो: थांबू नकोस, मागे पडू नकोस, पुरं कर. व्यासांची अट ऐकवायला विसरतो. न समजता लिहिलेला प्रबंध वेळेत पुरा झाला तरी तो ऑनर्सचा नव्हे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. त्या यादीत पहिलंच लक्षण आहे अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. ज्ञानेश्वर माउलींनी त्यावर कितीतरी ओव्या खर्च केल्या आहेत. मानाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना हे सांगणं विसंगत वाटेल, पण मला तसं वाटत नाही. मानाकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला त्या शेवटच्या रात्री दोन मुलाखती वगळायचा मोह आवरत नाही. कामाकडे डोळे असलेल्याला तो मोह सहज बाजूला ठेवता येतो.

तेव्हा प्रवेश मिळत असेल तर जरूर घ्यावा. चांगले शिक्षक, छोटा वर्ग आणि स्वतःचा प्रश्न घेऊन वर्षभर बसण्याची संधी आयुष्यात पुन्हा सहसा येत नाही. आणि मूल सोडते किंवा सोडतो म्हणालं, तर 'लोक काय म्हणतील' या आधी 'का' हे विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं. यंदा शेवटची पानं उलटाल तेव्हा ज्या नावांपुढे ऑनर्स आहे त्यांचं मनापासून कौतुक करा, प्रसादाच्या रांगेत भेटले तर त्यांचा प्रबंध कशावर होता तेही विचारा. आणि ज्यांच्या नावापुढे तो शब्द नाही, त्यांच्याशीही तितक्याच आस्थेने बोला. त्यांनी काय पुरं केलं, ते त्या पानावर मावलेलं नसेल.

गणपती बाप्पा मोरया!