पाणी मुरवलं, मग उपसलं किती?

१९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती. ते पाहून विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. साळुंखे पुण्याचे कारखानदार, अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारे. नायगावला देवस्थानची चाळीसेक एकर माळजमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली, उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, खाली विहीर खोदली. इथपर्यंतचं काम पैसा असलेला कुणीही करू शकला असता. पण आलेलं पाणी कुणाचं, हेही त्यांनी गावाबरोबर बसून ठरवलं. वाटप जमिनीवर न करता माणशी करायचं. भूमिहीनालाही वाटा द्यायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा गावकऱ्यांनी उचलायचा. आणि ऊस लावायचा नाही. यातूनच पाणी पंचायत उभी राहिली.

उद्योगपतीने पर्यावरणाच्या कामात उतरायचं म्हणजे काय, याचं इतकं कसदार उदाहरण आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वी घडलं. पुढे मात्र ही कल्पना पसरली आणि पसरताना पातळ होत गेली.

२०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याची जबाबदारी टाकली. पुढच्या एप्रिलपासून ती लागू झाली आणि गावोगावी या समाजकार्याचा, म्हणजे सीएसआरचा पैसा पोचू लागला. हा पैसा हवाच होता. पण त्याला वर्षअखेरीस हिशेब द्यावा लागतो, आणि हिशेबात बसतं ते मोजता येणारं काम: किती मीटर खोलीकरण, किती घनमीटर गाळ. पोकलेनचं काम फोटोतही छान दिसतं. ऊस न लावण्याचा फोटो निघत नाही.

त्याच सुमारास नट मंडळी पुढे आली. २०१५मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी ‘नाम’ ही संस्था सुरू केली. २०१६मध्ये आमिर खान आणि किरण राव यांच्या पाणी फाउंडेशनने वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत गावांची पाणी मुरवण्याची स्पर्धा, वॉटर कप, भरवली. दोनच वर्षांत ही स्पर्धा पंचाहत्तर तालुक्यांत पोचली.

या कामाकडे ‘नटांची हौस’ म्हणून पाहणाऱ्यांशी माझं जमत नाही. दोन काठ्या, त्यांना जोडणारी पारदर्शक नळी आणि नळीत पाणी, एवढंच या स्पर्धेतल्या गावांचं हायड्रोमार्कर नावाचं साधन. दोन्हीकडची पातळी सारखी आली की तिथे फक्कीची खूण करायची, मग पुढची जागा शोधायची. अशा खुणा जोडत डोंगरउतारावर समतल चराची रेघ उमटते. गावातली माणसं चार दिवसांच्या प्रशिक्षणात हे शिकून आली आणि त्यांनी गावाला शिकवलं. ग्रामपंचायत निवडणुकीपासून एकमेकांशी न बोलणारे गट एका चरात उतरले. सरकारी परिपत्रकाने हे घडलं नसतं. प्रसिद्धीची खरी ताकद मला इथे दिसते: माणसांना एकत्र यायला तिने निमित्त दिलं.

पण जमिनीखाली आपला काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या फटींत, म्हणजे साठा मुळातच बेताचा. शंभर जणांनी चर खणून मुरवलेलं पाणी दहा जणांच्या बोअर उन्हाळ्याआधीच ओढून नेऊ शकतात. हिवरे बाजार या गावाने हे ओळखलं होतं. शेतीसाठी बोअर बंद, आणि पडलेला पाऊस मोजून दरवर्षी पिकांचा ताळेबंद. पाणी फाउंडेशनही पुढे त्याच वाटेला आलं, याचं मला फार मोल वाटतं. २०२०पासूनच्या समृद्ध गाव स्पर्धेत पाण्याचा ताळेबंद आला, मग फार्मर कप या स्पर्धेतून गटशेती आली. स्पर्धेची झिंग ओसरल्यावरही हे लोक थांबून राहिले.

कंपन्यांनी मात्र पाण्याच्या वापराकडे वळण्याचं हे पाऊल उचललेलं फारसं दिसत नाही. राज्यातल्या एकूण पीकक्षेत्रात उसाचा वाटा लहानच, पण सिंचनाच्या पाण्याचा मोठा भाग तोच पितो. तो लावायचा की नाही, हे शेतकरी खात्रीचा भाव आणि खात्रीचं गिऱ्हाईक पाहून ठरवतो, आणि उसाला हे दोन्ही मिळतं: किमान भाव सरकार बांधून देतं, गिऱ्हाईक साखर कारखाना असतो. समाजकार्याच्या दोन टक्क्यांतून चर खणायचे आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या धंद्यात ज्वारी-तुरीला गिऱ्हाईक मिळू द्यायचं नाही, तर त्या चरांचं पाणी शेवटी उसालाच जाणार. कंपनीच्या वार्षिक अहवालात काढलेल्या गाळाच्या आकड्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत: त्या शिवारात मे महिन्यात विहिरींची पातळी किती होती, आणि कंपनीने तिथून कमी पाण्याचं कोणतं पीक किती भावाने घेतलं.