दहा हृदयांची किंमत

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा भाचा अमरावतीहून अंजनगावला आला. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, तेव्हा बॅग कोपऱ्यात आणि लॅपटॉप मांडीवर हे ओघानेच आले. दुपारी ओसरीवर त्याने आम्हां सर्वांना ‘माइनक्राफ्ट’ नावाचा खेळ दाखवला. पडद्यावर चौकोनी ठोकळ्यांचे एक अफाट रान. त्यात एका माणसाला रिकाम्या हातांनी सोडून देतात. त्याने झाड तोडावे, फळ्या कराव्यात, कुदळ घडवावी, खाणीत उतरून लोखंड आणि शेवटी हिरा काढावा. आणि हे सारे भूक, रात्र व राक्षस यांना चुकवून. नवल असे की, खेळणारा कोणीच नव्हता. यंत्र आपले आपणच खेळत होते.

खेळता खेळता ते तप्त लाव्ह्यात पडले.

“अवो माय, मेलं का हे?” माझी आई हळहळली.

“हजारदा मरते आजी. पुन्हा पहिल्यापासून सुरू.”

“मंग कायले मारता रे त्याले एवढ्या खेपा?”

“शिकावं म्हणून.”

शिकणे हा शब्द ऐकला, की मास्तराचे कान टवकारतात. मी खोदून विचारले. ‘ड्रीमर’ नावाच्या अशा एका यंत्रबुद्धीची हकीकत 2025 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आली. माणसाचा खेळ एकदाही न दाखवता ती हिऱ्यापर्यंत पोचली. पुढे काय घडेल याची ती म्हणे कल्पनेतच तालीम करते. ओंडक्यापासून हिऱ्यापर्यंत बारा टप्पे. प्रत्येकाला एक गुण. खेळाडूला दहा हृदये असतात. त्यांतले एक गमावले, की गुणाचा शंभरावा भाग वजा.

मी मनाशी हिशेब केला. दहा हृदये म्हणजे गुणाचा दहावा भाग. म्हणजे सबंध जिवाचे मोल लाकडाच्या एका ओंडक्याच्या दशांश!

भाच्याने हरकत घेतली, आणि ती रास्त होती. मेल्यावर पुढचे सगळे गुण बुडतात. म्हणून यंत्र जीव जपायला शिकतेच. पण त्यामुळेच मी अधिक अस्वस्थ झालो. गुण बुडू नयेत म्हणून जीव जपायचा! ‘परीक्षा जवळ आली, प्रकृती सांभाळा,’ असे दर फेब्रुवारीत वर्गात कोण सांगतो? मीच.

मग त्याने 2016 सालची एक गंमत सांगितली. ‘ओपनएआय’ या अमेरिकन संस्थेने एका यंत्राला होड्यांच्या शर्यतीचा खेळ शिकवला. वाटेतली निशाणे टिपली की गुण मिळत. त्या होडीने शर्यत सोडली आणि एका आडबाजूच्या पाण्यात गरगर फिरत तीच ती निशाणे टिपत राहिली. दुसऱ्या होड्यांवर आदळली, पेटली, पण गुण माणसांहून अधिक! आम्ही पोट धरून हसलो. माझे हसू मात्र लवकर विरले.

काही वर्षांपूर्वी मी वर्गातल्या प्रत्येक मुलाला कडुलिंबाचे एक रोप दिले होते. दिवाळीपर्यंत जगवील त्याला पाच गुण. दिवाळीआधी पाहणीला निघालो. एका मुलाच्या दारचे रोप चांगले तरारलेले होते. पण आळ्याची माती ताजी होती आणि पाने माझ्या ओळखीची नव्हती. रोप बकाणाचे होते! मी काही बोललो नाही. रोप जिवंत होते, रकाना भरायचा होता; पाच गुण दिले. पुढच्या गल्लीतल्या मुलीने वाळलेली काडी दाखवली. “सर, मी रोज पाणी टाकलं. तरी मेलं.” तिला शून्य.

होडीचा काय दोष? तिला गुणांपलीकडे काही सांगितलेच नव्हते. जेवढे मागितले तेवढे तिने चोख दिले. दोष मागणाऱ्याचा, आणि त्या संस्थेने निदान आपल्या मोजमापाची चूक स्वतःच जाहीर केली. पण ती मुलगी यंत्र नव्हती. रोप कशासाठी लावायचे हे तिला माझ्याहून चांगले कळले होते. बकाणाचे रोप आणणे तिलाही अवघड नव्हते. नाल्याकाठी हवी तेवढी उगवतात.

गुणच नकोत, असे म्हणणे सोपे आहे. गुणांवाचून यंत्र जागचे हलत नाही, आणि खरे सांगायचे तर माझा वर्गही फारसा हलत नाही.

ती मुलगी आता दुसऱ्या शाळेत आहे. बाजारात भेटली की थांबून नमस्कार करते. त्या शून्याविषयी मी तिच्याशी अजून बोललेलो नाही.