झाकलेले मडके आणि मुलाचा प्रश्न

वाचनासाठी : निर्गम १२:१-२८, १ करिंथ ५:६-८



फाल्गुन सरता सरता तिगाव-पांढुर्ण्याकडे शेतातला गहू खळ्यावर येऊ लागतो. याच सुमारास, वसंत ऋतूत, यहूदी लोकांचा वल्हांडण सण येतो. इस्राएल लोक मिसराच्या दास्यातून निघाले त्या महिन्याला शास्त्रात अबीब, म्हणजे कोवळ्या कणसांचा महिना, म्हटले आहे. त्या सणाच्या सप्ताहात जवाच्या पिकाची पहिली पेंढी परमेश्वरापुढे आणीत आणि तेथून सात आठवडे मोजून गव्हाच्या हंगामात सप्ताहांचा सण करीत. पवित्र आत्मा उतरला तो पन्नासावा दिवस हाच. कोकरू, बेखमीर भाकरी आणि पहिली पेंढी यांचा अर्थ ठाऊक नसेल, तर आपल्या प्रभूचे मरण व पुनरुत्थानही आपणांस अर्धेच समजेल.

हा सण दूर देशाचा वाटतो खरा. पण मराठी घरांतही तो शतकानुशतके पाळला गेला आहे. कोकणात अलिबाग, पेण, रेवदंडा या भागांत बेने इस्राएल लोक राहत. ते तेल गाळण्याचा धंदा करीत व शब्बाथ दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्याजवळ शास्त्राचे पुस्तक उरले नव्हते आणि इब्री भाषा ते विसरले होते. तरी निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी ते एक सण पाळीत. त्याचे नाव ‘अनशी ढाकाचा सण’. अनस म्हणजे तोंडी लावण्याचे आंबट कालवण. त्याचे मडके त्या दिवशी झाकून ठेवीत. त्यांच्यातील इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी हे नोंदून ठेवले आहे. कोकणातली रोजची तांदळाची भाकरी मुळातच बेखमीर. तेव्हा घरात आंबवलेले जे होते, तेच त्यांनी झाकले.

मिसर, फारो, दाराच्या बाह्यांना लावलेले रक्त यांची कथा विस्मरणात गेली. मडके झाकण्याची रीत मात्र आयांनी लेकींना दिली.

पुढे कोचीनच्या यहूदी शिक्षकांनी त्यांना धर्मविधी शिकवले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून इब्री व्याकरण प्रसिद्ध केले. ते ख्रिस्ती होतील अशी मिशनऱ्यांची आशा होती. पण फारच थोडे झाले. बहुतेकांनी हाती आलेले शास्त्र वाचले व आपल्या पूर्वजांचा विश्वास अधिक समजून धरला. आपण याचे वाईट वाटून घेऊ नये. ते वचन आपल्याला त्यांच्याच पूर्वजांकडून मिळाले होते. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचे हग्गादा हे पुस्तक मराठी भाषांतरासह छापले गेले. त्यातील एका चित्रात भारतीय पेहरावातील स्त्रिया जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्या रात्री घरातील लहान मूल प्रश्न विचारते की, आजची रात्र वेगळी का? आणि वडील माणसे उत्तर देतात. आता मराठी घरातही तो प्रश्न व ते उत्तर समजू लागले.

मुले विचारतील हे परमेश्वराने आधीच सांगून ठेवले होते (निर्गम १२:२६). आपली स्थिती काय आहे? आपल्याजवळ पुस्तक आहे. ते मराठीत आहे. बहुतेक घरांत एकाहून अधिक प्रती आहेत. पण मुलाने विचारले, “बाबा, प्रभुभोजनात भाकर का मोडतात?” तर आपण म्हणतो, “मंडळीत गप्प बैस.” किंवा त्याला शब्बाथ शाळेच्या बाईंकडे पाठवतो. हीच मुले उद्या नोकरीसाठी नागपूर-भोपाळला जातील. जे घरात कधी ऐकले नाही, ते बरोबर काय नेतील?

शिक्षकांनाही एक विनंती. उत्तम शुक्रवारचा धडा शिकवताना, यहूद्यांनी प्रभूला मारले, असे सरसकट सांगू नका. प्रभू स्वतः यहूदी होता. मरीया आणि बारा शिष्यही यहूदी होते. अशा बोलण्यातून युरोपात पिढ्यान्‌पिढ्या द्वेष वाढला व निरपराध माणसे मारली गेली. मुलांना सांगा की तो आपल्या पापांसाठी मेला.

आणि खमिराचे काय? पौल म्हणतो ते खमीर वाईटपणाचे व दुष्टपणाचे आहे. दोन भाऊ बांधावरून वर्षानुवर्षे बोलत नाहीत आणि एकाच मेजावरून प्रभूचा प्याला घेतात. मुले हेही पाहतात, आणि आपल्या सर्व उत्तरांपेक्षा तेच त्यांच्या लक्षात राहते. बेने इस्राएल आयांना कारण ठाऊक नव्हते, तरी त्यांनी मडके झाकले. आपल्याला कारण ठाऊक आहे.

म्हणून पुनरुत्थानाच्या रविवारापूर्वी प्रत्येक घराने दोन गोष्टी कराव्या. एका संध्याकाळी दिवा लावून निर्गमाचा बारावा अध्याय मुलांसह वाचावा आणि त्यांचे प्रश्न पुरते ऐकून घ्यावे. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्या दारी प्रभुभोजनाआधी जाऊन यावे. प्रभू आपणां सर्वांस तशी बुद्धी व बळ देवो. आमेन.