अवयव, अवयवी आणि जुळवलेला संगणक

सुट्या भागांच्या जुळणीतून उभी राहिलेली वस्तू त्या भागांहून वेगळी मानावी, की भागांच्या समूहालाच व्यवहारासाठी दिलेले ते एक नाव समजावे, हा वाद भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चालवला. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादसारख्या वस्तीतील एखाद्या मराठी घरात मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट आणि वीजपुरवठ्याचा एसएमपीएस निरनिराळे आणून संगणक जुळवला जातो, तेव्हा हाच वाद रथ आणि वस्त्र या जुन्या दृष्टान्तांपेक्षाही नेमकेपणाने तपासता येतो.

मिलिंदपञ्ह या पाली बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला चाक, आस, जू यांपैकी रथ कोणता असे विचारतात आणि रथ हा केवळ संकेत आहे, या निष्कर्षाकडे त्याला नेतात. न्याय आणि वैशेषिक दर्शनांच्या अनुयायांना हे मान्य नाही. भाग म्हणजे ‘अवयव’ आणि त्यांतून उत्पन्न होणारे नवे, खरेखुरे द्रव्य म्हणजे ‘अवयवी’, असे ते मानतात. वस्त्राचे तंतू हे समवायी कारण, म्हणजे ज्याच्या ठायी कार्य अविभक्तपणे राहते ते. तंतूंचा परस्परसंयोग हे असमवायी कारण. आणि विणकर हे निमित्तकारण. या मताचे खरे बळ दुसऱ्या कारणात आहे, कारण संयोग मोडला की अवयव शाबूत असूनही अवयवी नाहीसा होतो.

संगणकात हे बळ लगेच दिसते. डीडीआर-४ रॅमच्या पट्टीला 288 संपर्कबिंदू असतात आणि ती खाचेत खटका बसेपर्यंत दाबावी लागते. पट्टी किंचित वर राहिली, तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. कारण प्रोसेसर आपल्या पहिल्या आज्ञा मदरबोर्डवरील बायोसच्या चिपमधून घेऊन आधी रॅम, म्हणजे स्मृती, तपासतो, आणि ती न सापडल्यास पुढे सरकतच नाही. सारे भाग जागेवर आहेत, समूह पूर्ण आहे, तरी संगणक नाही. समूहालाच वस्तू म्हणणाऱ्यांना याचे उत्तर देणे अवघड आहे. पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये सिद्ध केलेला परम 8000 हा महासंगणकही ट्रान्सप्युटर नावाच्या तयार चिपा एकमेकींशी जोडूनच घडला होता; त्यांतील कोणतीही एक चिप महासंगणक नव्हती.

मात्र नैयायिक येथेच थांबत नाहीत. वस्त्रातून एक तंतू निघाला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन ‘खंडपट’ हे नवे वस्त्र उत्पन्न होते, असे ते म्हणतात, आणि त्या न्यायाने रॅमची दुसरी पट्टी बसवताच संगणकही नवा ठरेल. हे टोक स्वीकारण्याजोगे वाटत नाही. संगणक अस्तित्वात आहे की नाही, हे संयोग ठरवतो. तो कालचाच आहे की नाही, हा निर्णय मात्र नागसेन म्हणतात तसा व्यवहाराचा आहे. रॅम वाढवली तरी विंडोज सहसा तक्रार करत नाही, पण मदरबोर्ड बदलला तर ती परवाना पुन्हा सक्रिय करायला सांगू शकते, म्हणजे तिच्या लेखी यंत्राची ओळख मुख्यतः मदरबोर्डात आहे. उलट, वापरणाऱ्याची कागदपत्रे आणि छायाचित्रे एसएसडी या साठवणुकीच्या भागावर असतात, आणि तीच एसएसडी नव्या मदरबोर्डला जोडल्यावर त्याला आपला जुनाच संगणक परत मिळालेला असतो.