लोहचुंबकाचा पट्टा आणि न्यायाचा तराजू

वाचकहो, सांधेदुखीने त्रासलेला माणूस ज्या घरात नाही असे घर आज शोधावे लागेल. सजद्यात जाताना गुडघा साथ देत नाही, म्हणून ज्यांना खुर्चीवर बसून नमाज अदा करावी लागते, त्यांच्या मनाची तगमग आपण जाणता. नेमक्या अशाच माणसापुढे कोणी चुंबकाचा पट्टा, चुंबकाचे कडे किंवा चुंबक शिवलेली गादी आणून ठेवतो. रक्तात लोह असते, चुंबक ते लोह खेचतो, त्यामुळे रक्ताभिसरण सुधारते आणि गोळ्या सुटतात, असे तो सांगतो. ऐकणाऱ्याला ते पटते, कारण चुंबक लोखंड खेचतो हे त्याने लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेले असते.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. हा उपाय खरोखर गुण देतो काय? आणि गुण नसूनही वापरणाऱ्याला बरे वाटत असेल, तर तो देणे, सुचवणे, विकणे योग्य ठरते काय? पहिला प्रश्न वैद्यकाचा दिसतो, दुसरा ईमानचा. परंतु पहिल्याला बगल देऊन दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही.

उपचार करून घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. पैगंबर (स.) यांनी स्वतः उपचार घेतले व इतरांनाही सांगितले. दिव्य कुरआनने मधात लोकांसाठी आरोग्य असल्याचे म्हटले आहे. उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण तर आपल्या मुलांनाही पाठ असते. अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. चुंबकाविषयी शंका घेतली की घरातील एखादे भाविक माणूस विचारते, “अल्लाहच्या कुदरतीला काय अशक्य आहे? त्याने लोखंडात गुण ठेवला, मग चुंबकात का ठेवला नसेल?” प्रश्न श्रद्धेतून आलेला असतो, म्हणून तो झटकून टाकू नये.

इमाम गज्जाली यांनी ‘तहाफुतुल फलासिफा’ या ग्रंथात आग आणि कापूस यांचे उदाहरण घेतले आहे. कापूस आगीच्या संपर्कात येताच जळतो, हे आपण नेहमी पाहतो; परंतु जाळण्याची सत्ता आगीची स्वतःची नव्हे, ती अल्लाहची आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या विचारातून पुष्कळजण भलताच निष्कर्ष काढतात. कशातूनही काहीही घडू शकते, तर मग तपासायचे कशाला, असे त्यांना वाटते. वास्तविक निष्कर्ष याच्या उलट निघतो. कोणत्या वस्तूत कोणता परिणाम ठेवला जाईल हे अल्लाहच्या इच्छेवर असेल, तर ते आपल्याला घरबसल्या तर्काने कळणार नाही. त्याने सृष्टीत कोणती रीत चालू ठेवली आहे, हे पाहूनच ठरवावे लागेल. अल्लाह काय करू शकतो हा आपल्यापुढचा प्रश्नच नाही. त्याने काय केले आहे, हा प्रश्न आहे. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कान, डोळे व हृदय यांचा जाब द्यावा लागेल, हा कुरआनचा इशारा औषधाच्या बाबतीतही लागू पडतो.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. रय आणि बगदादच्या इस्पितळांचे प्रमुख राहिलेले अबू बक्र अर्‌राजी यांनी सरसामच्या लक्षणांवर रक्त काढण्याचा उपाय खरोखर उपयोगी आहे काय, हे जाणण्यासाठी रोग्यांच्या एका गटाचे रक्त काढले आणि दुसऱ्या गटाला मुद्दाम तसेच ठेवले, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. ही गोष्ट हजार वर्षांहून जुनी आहे. उपाय केला आणि रोगी बरा झाला, एवढ्याने उपाय सिद्ध होत नाही. उपाय न केलेल्याचे काय झाले तेही पाहावे लागते, हे त्यांना उमगले होते.

चुंबकाची परीक्षा अशाच रीतीने पुनःपुन्हा झाली. १७७४ साली व्हिएन्नात फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरने रोग्यांच्या अंगाला चुंबक लावून उपचार सुरू केले. पुढे त्याने चुंबकही सोडले आणि आपल्याच शरीरातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह वाहतो, असा दावा केला. पॅरिसमध्ये त्याच्याकडे श्रीमंतांची रीघ लागली. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी मंडळ नेमले. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधले आणि त्याला बागेतील झाडांपाशी नेले. एकाच झाडात तो प्रवाह भरलेला होता. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. प्रवाह भरलेले झाड ते नव्हतेच. त्यानंतर अमेरिकेत एलिशा पर्किन्सने दुखऱ्या जागेवरून फिरवायच्या धातूच्या दोन कांड्यांचे १७९६ मध्ये पेटंट घेतले आणि त्या इंग्लंडातही खपू लागल्या. १७९९ मध्ये बाथ शहरात जॉन हेगार्थ या डॉक्टरने तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या बनवून पाच रोग्यांवर फिरवल्या. पाचांपैकी चौघांना आराम वाटला. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या फिरवल्या, तेव्हाही जवळपास तसेच झाले.

त्या चौघांना ढोंगी म्हणणे अन्याय ठरेल. त्यांचा आराम खरा होता, खोटे होते ते कारण. आपल्यासाठी कोणी काही करीत आहे, या जाणिवेनेच वेदना बरीच हलकी होते. शिवाय सांधेदुखी कमी-जास्त होत राहते, आणि ती फार वाढते तेव्हाच आपण नवा उपाय करतो. त्यानंतर ती ओसरते, आणि श्रेय पट्ट्याला जाते.

आजच्या काळातील परीक्षांकडेही पाहू. अमेरिकेत १९९७ साली पोलिओनंतरच्या वेदना असलेल्या पन्नास रोग्यांवर प्रयोग झाला. खरे चुंबक लावलेल्यांना नकली चुंबक लावलेल्यांपेक्षा पुष्कळ अधिक आराम वाटल्याचे त्यात दिसले. विक्रेते हाच दाखला देतात, आणि तो दाखला खोटा नाही. पण तेथेच थांबणे हे खोटे आहे. त्यानंतर कंबरदुखीवर, टाचदुखीवर, संधिवातावर प्रयोग झाले. २००३ मधील टाचदुखीच्या प्रयोगात शंभरावर माणसांनी बुटात चुंबकाचे किंवा नकली तळवे घातले. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. २०१३ मधील संधिवाताच्या प्रयोगात मनगटावरच्या चुंबकी पट्ट्याचा नकली पट्ट्याहून अधिक लाभ दिसला नाही. तोवरचे असे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या २००७ च्या अभ्यासाने वेदनेसाठी स्थिर चुंबकाची शिफारस करण्यास आधार नाही, असा निर्वाळा दिला.

रक्तातील लोहाचा युक्तिवाद तर मुळातच चुकीचा आहे. ते लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे नसते. हिमोग्लोबिनच्या रेणूत ते असे बांधलेले असते की चुंबकाकडे ओढले जात नाही. प्राणवायू घेतलेले रक्त उलट किंचित दूरच सारले जाते. एमआरआयच्या यंत्रात माणूस पट्ट्याच्या चुंबकापेक्षा कितीतरी पट शक्तिशाली चुंबकात निजतो, आणि त्याचे रक्त कोठे ओढले जात नाही. म्हणून चुंबकाचा वैद्यकात उपयोगच नाही असेही नाही. न जुळणाऱ्या हाडासाठी विजेच्या स्पंदांनी चालणारे चुंबकीय उपकरण आणि नैराश्यासाठी डोक्यावर चुंबकीय स्पंद देण्याची पद्धत परीक्षेनंतर मान्य झाली आहे. तेथे चुंबक बदलत राहतो आणि बदलत्या चुंबकातून वीज निर्माण होते. मनगटावरचे कडे स्वस्थ पडून असते. एकाची कीर्ती दुसऱ्याला चिकटवणे म्हणजे दुसऱ्याच्या मालाचा छाप आपल्या मालावर मारणे होय.

जनावरांचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. घोड्यांसाठी चुंबक शिवलेल्या झुली आणि कुत्र्यांसाठी चुंबकी पट्टे विकले जातात. जनावराला कल्पना नसते, मग त्याला बरे वाटले तर उपाय खराच असला पाहिजे, असा त्यांचा दावा असतो. पण “बरे वाटले” असे जनावर सांगत नाही, त्याचा मालक सांगतो. सांधे झिजलेल्या कुत्र्यांवरील २०१२ मधील एका अभ्यासात, नकली औषध दिलेल्या कुत्र्यांची चाल यंत्रावर मोजली, तेव्हा सुधारणा नव्हती. तरी सुमारे ४० टक्के वेळा मालकांना ती दिसली. पशुवैद्यांचे प्रमाण तर किंचित अधिकच होते. म्हणजे दिलासा मालकाला मिळाला आणि मुका जीव दुखणे सोसत राहिला. पैगंबर (स.) यांनी या मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले आहे, उपाशी ठेवून राबवलेल्या उंटाच्या मालकाला त्यांनी जाब विचारला होता. दुखणे सांगू न शकणाऱ्याची वेदना आपल्या समाधानाने मोजणे, हीदेखील त्या अमानतीतील कसूर आहे.

आणि तरी जनावरांत एका चुंबकाचा उपयोग अगदी निर्विवाद आहे. चाऱ्याबरोबर तार, खिळा गिळलेल्या गाई-म्हशीच्या पोटाच्या जाळीदार कप्प्यात तो खिळा रुतून पुढे काळजापर्यंत पोहोचू शकतो. पशुवैद्य अशा जनावराला बोटाएवढा चुंबक गिळवतात. तो त्या कप्प्यात राहून लोखंड धरून ठेवतो. यात गूढ काहीच नाही. अल्लाहने चुंबकात ठेवलेला गुण ओळखून तो योग्य जागी लावला आहे, इतकेच.

आता ईमानच्या प्रश्नाकडे येऊ. एका माणसाच्या हातात पितळेचे कडे पाहून पैगंबर (स.) यांनी ते कशासाठी आहे असे विचारले आणि दुखण्यासाठी आहे असे कळल्यावर ते काढण्यास सांगितले, अशी रिवायत इमरान बिन हुसैन (रजि.) यांच्याकडून आली आहे. तिच्या सनदीविषयी मुहद्दिसांत मतभेद आहेत, म्हणून तिच्या आधारे चुंबकाचा पट्टा घालणाऱ्याला शिर्कचा दोषी ठरवण्याची घाई कोणी करू नये. पट्टा घालणारा तो उपाय समजून घालतो, उपास्य समजून नव्हे. पण आदरणीय उमर (रजि.) यांनी हजरे अस्वदसमोर उभे राहून, तू एक दगड आहेस, ना नुकसान करू शकतोस ना लाभ, अशा आशयाचे जे उद्गार काढले, ते ध्यानात असू द्यावेत. ज्या दगडाचे पैगंबर (स.) यांनी चुंबन घेतले त्याच्या बाबतीत ही सावधगिरी, तर बाजारातल्या चुंबकाच्या बाबतीत किती असावी!

विकणाऱ्याचा हिशेब अधिक कडक आहे. वरून कोरडे आणि आतून ओले धान्य विकणाऱ्याला पैगंबर (स.) यांनी दिलेली ताकीद आपण जाणता. “पण गिऱ्हाईक समाधानी आहे” ही सबब तेथे चालली असती काय? वैद्यक न जाणता वैद्यकी करणारा नुकसानीस जबाबदार राहील, असेही हदीसमध्ये आले आहे. आपल्या देशातील १९५४ चा कायदा जादूई उपचारांच्या जाहिरातींना मनाई करतो, आणि त्याच्या रोगांच्या यादीत संधिवातही आहे. कायद्यातून सुटण्याच्या वाटा असतील. परंतु सूरह हदीदमध्ये लोखंडाच्या लाभांचा उल्लेख ज्या आयतीत आहे, त्याच आयतीत मीजानचाही, म्हणजे न्यायाच्या तराजूचाही उल्लेख आहे. लोखंडाचे लाभ सांगून माल विकणाऱ्याने तराजूचा भाग वगळून ती आयत वाचू नये.

उरला घरातला प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक आहे. आईने पट्टा बांधला आहे, तिला हलके वाटते आणि ती विचारते, “बाळा, हा खरंच गुणाचा आहे ना?” येथे खोटे बोलण्याचीही गरज नाही आणि तिचा पट्टा हिसकावण्याचीही नाही. “अम्मी, तुम्हाला बरं वाटतं त्याचा आनंद आहे, तपासणीत मात्र यात फारसं काही निघालेलं नाही” असे म्हणता येते, आणि त्याच संध्याकाळी तिचे गुडघे आपल्या हातांनी शेकता येतात. पट्ट्याने जो आराम दिला, त्यातला मोठा वाटा या सेवेतूनही मिळतो, तोही फसवणुकीविना.

जेथे थांबवलेच पाहिजे अशा जागा मात्र आहेत. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने चुंबकाचा पट्टा किंवा गादी वापरू नये. त्या यंत्राच्या कामात व्यत्यय येऊ शकतो. चुंबकाचे बारीक तुकडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. दोन तुकडे गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती चिमटीत धरून भोक पाडतात. आणि चुंबकाच्या भरवशावर कोणी मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी बंद केली असेल, तर वाद घालत बसू नका. त्यांना आजच डॉक्टरांकडे घेऊन जा.