आभासी सृष्टि आणि शिक्षण

जें स्वतः खरें नाहीं त्यापासून खरें ज्ञान मिळूं शकेल काय? वेदान्त्यांना हा प्रश्न नवा नाहीं. दोरीवर भासलेला साप खोटा. परंतु त्यानें सुटलेला कंप खराच असतो. संगणकाच्या पडद्यावरील आभासी सृष्टि आज महाविद्यालयांत शिरली असतां हाच जुना प्रश्न शिक्षकांपुढें नव्या वेषानें उभा आहे.

१९३४ सालीं अमेरिकेंत विमानांनीं टपाल नेण्याचें काम लष्करी वैमानिकांवर सोंपविण्यांत आलें. धुक्यांत केवळ यंत्रांवर विसंबून उडण्याची संवय नसल्यामुळें थोड्याच आठवड्यांत कित्येकांचे प्राण गेले. मग लष्करानें एडविन लिंक यांनीं तयार केलेलीं, जमिनीवरच झुकणारीं व वळणारीं खोटीं विमानें विकत घेतलीं. त्यांत चुकलेला वैमानिक मरत नसे. तो पुन्हां बसे. चुकण्याची मुभा ही आभासाची पहिली देणगी होय.

माझ्या विद्यार्थिदशेंत प्रयोगशाळेंत बेडूक चिरावा लागे. एकदां माझ्या हातून शीर तुटली. लागलीच दुसरा बेडूक मिळाला. चूक माझी, किंमत दिली त्या मुक्या प्राण्यानें. पुढें २०११ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें अशीं विच्छेदनें टप्प्याटप्प्यानें थांबविण्याविषयीं सूचना काढल्या. आजचा विद्यार्थी पडद्यावर तोच बेडूक शंभर वेळां उघडूं शकतो.

यावर कोणी म्हणेल, ज्या चुकीनें कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं ती मनाला लागत नाहीं; पडद्यावर न कांपलेला हात उद्यां रोग्याच्या देहावर कसा चालेल? आक्षेप पोकळ नाहीं. मीहि बरेच दिवस त्याच मताचा होतों. परंतु प्रामाणिकपणें आठवूं जातां असें दिसतें कीं, दुसरा बेडूक हातीं आला तेव्हां माझा हात पहिल्याइतका कांपला नव्हता. जीव खर्ची पडला. गांभीर्य मात्र आलें नाहीं, आला तो निर्ढावलेपणा.

तात्पर्य, कौशल्य आभासानें शिकवावें. त्यांत दया आहे व काटकसरहि आहे. जबाबदारीची जाणीव मात्र यंत्राकडे मागूं नये. ती पूर्वीं बेडकानेंहि दिली नाहीं. चुकलेल्या शिष्याजवळ थांबून, "ही चूक खरी असती तर कोणाला भोवली असती?" असें विचारणारा गुरु असेल, तरच ती येते. तो प्रश्न मला त्या दिवशीं कोणीं विचारला नाहीं. मीं तो विचारण्यास चुकतां कामा नये.