कोणाचं कर्म?

रक्ती हगवण आटोक्यात आली की घरातल्यांना वाटतं, सुटलो. शिगेला किंवा ई. कोलायच्या काही जातींच्या बाबतीत कधीकधी खरा धोका तेव्हाच सुरू होतो. पोर पांढरंफटक पडतं, पापण्या सुजतात आणि आई म्हणते, "कालपासून शूच नाही केली." रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की गोल तांबड्या पेशींमध्ये फाटके, टोकदार तुकडे दिसतात. जंतूच्या विषाने मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं, तिथे गुठळ्या धरतात, प्लेटलेट खर्ची पडतात आणि त्यातून वाट काढताना तांबड्या पेशी चिरल्या जातात. बरीच मुलं डायलिसिसवर तगतात, पुन्हा लघवी करू लागतात. काही नाही.

मी बालरोगतज्ज्ञ. अशा पोराच्या खाटेशी आजी हमखास म्हणते, "एवढ्याशा जिवानं कुणाचं काय वाकडं केलं? मागच्या जन्मीचंच असणार." हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ब्रह्मसूत्रांतही ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आक्षेप येतो. उत्तर असं, की तो ज्याच्या-त्याच्या कर्माला धरून फळ देतो. ईश्वर सुटतो. आरोप मात्र पोटात नळी घातलेल्या चार वर्षांच्या मुलावर येतो आणि तिथून बहुतेकदा त्याच्या आईवर. हे मला पटत नाही.

आजोबा वैद्य होते, त्यामुळे चरकसंहिता घरातच होती. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात उन्हाळा सरताना कांपिल्य नगरीत, गंगाकाठी आत्रेय शिष्यांशी साथींविषयी बोलतात. अग्निवेश विचारतो: प्रकृती, आहार, बळ, वय सगळं निराळं असताना एकाच रोगाने एकाच वेळी सगळे कसे मरतात? आत्रेय सगळ्यांच्या सामाईक गोष्टींकडे बोट दाखवतात: वारा, पाणी, भूमी, काळ. पूर्वकर्माचा उल्लेख तेही करतात. पण समजावून सांगताना उदाहरण घेतात ते देशाच्या, नगराच्या प्रमुखांनी धर्म सोडल्याचं.

म्हणून मी आजीला विचारते, पाणी कुठून भरता? गटाराला लागून गेलेली फुटकी पाइपलाइन हेही कुणाचं तरी कर्मच आहे, आणि त्याच्या धन्याला शोधायला मागच्या जन्मात जावं लागत नाही. नगरपालिकेत अर्ज करता येतो.

तरी एक उरतंच. तेच पाणी प्यालेली थोरली बहीण दोन दिवसांच्या जुलाबांवर निभावते. वय, पोटात गेलेल्या जंतूंचं प्रमाण, एवढं मी सांगू शकते. पण हाच का, ते नाही. तिथे प्रारब्ध येऊन बसू पाहतं. मी त्याला बसू देत नाही. ते बसलं की आई स्वतःचीच झडती घेत राहते, नवस-उपास आठवत राहते. मला तिची नजर लघवीच्या पिशवीवर हवी असते: दर तासाला किती भरली, ते पाहून मला सांग.